मुलाखतीच्या दिवशीच दिवेआगर

प्रश्न : हिंजवडीच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलंय. नेमकं त्याच दिवशी घरच्यांबरोबर दिवेआगरला निघायचंय, खोल्यांचे पैसेही भरलेत. तारीख बदलून मागितली तर माझं नाव कापतील का?
– एक वाचक, माले (ता. मुळशी)

उत्तर : तेवढ्यावरून सहसा कुणी नाव कापत नाही. न कळवता गैरहजर राहिलात, तर मात्र संधी गेलीच समजा. आजच एचआरला फोन करा, पाठोपाठ ईमेल टाका : ‘त्या दिवशी आधीच ठरलेला कौटुंबिक कार्यक्रम आहे, पुढच्या सोमवारी किंवा मंगळवारी कधीही येऊ शकेन.’ एवढं पुरे. आजारपणाची थाप नको. ती मुलाखतीतच उघडी पडते.

व्हिडिओवर मुलाखत घेतो म्हणाले, तर निघण्याआधी घरूनच द्या. गाडीतून अजिबात नको, ताम्हिणी घाटात रेंज जाते.

तारीख बदलतच नसेल (सरकारी भरतीत ती सहसा बदलत नाही), तर मुलाखतीला जा. घरची मंडळी पुढे निघू देत. तुम्ही मागाहून माणगावमार्गे एसटीने गाठा. एक संध्याकाळ हुकेल, सहल नाही. घरी मात्र हे आजच सांगा, बॅगा भरून झाल्यावर नव्हे.