उतारवयातील पोट

राबणाऱ्याला कसले आले पोट, असे पूर्वी म्हणत. ते बव्हंशी खरेही होते. आज ठाणाकुशनूर परिसरात नांगरट ट्रॅक्टरने होते, सोयाबीनची मळणी यंत्रावर होते, शेताला माणूस मोटारसायकलवर जातो. पन्नाशीचा मालक बांधावर उभा राहून काम पाहतो. जेवण मात्र बैलांमागे चालण्याच्या काळातलेच राहिले आहे.

शिवाय वयाचा परिणाम असतोच. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू सुमारे 3 ते 8 टक्के घटतात, साठीनंतर अधिक वेगाने. स्नायू घटले की शरीराला अन्न कमी लागते आणि उरलेल्याचा मेद होतो. म्हणूनच हातपाय काटकुळे नि पोट पुढे, अशी माणसे दिसतात. हे वजनकाट्यावर कळत नाही, दोरीने कळते. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, दोरी गुंडाळून मोजावी. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरहून आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरहून अधिक भरली, तर मधुमेह व रक्तदाबाचा धोका वाढला असे समजावे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची जी पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली, तीत 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. हा आता फक्त शहरी शेटजींचा आजार नाही.

यावर उपाशी राहणे हा उपाय नव्हे. त्याने मेदाबरोबर स्नायूही जातात. आपली ज्वारीची भाकरीच बरी. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो, पॉलिश तांदळात तीन ग्रॅमच्या आतबाहेर. रेशनचा तांदूळ आल्यापासून कित्येक घरांत रात्री नुसता भात असतो. तो निम्मा करावा आणि तुरीचे वरण घट्ट करावे, कारण स्नायूंना प्रथिने लागतात. तूर तर आपल्याच रानातली! चहाकडेही पाहावे. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅम साखर, आणि पुरेशी मर्यादा 25 ग्रॅमची आहे. शुक्रवारी मांस वर्ज्य करून भज्यांवर ताव मारणाऱ्यांविषयी अधिक लिहीत नाही.

मिस्सेला व जवळच्या शेताला पायी जावे. आठवड्यात एकूण 150 मिनिटे, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने चालणे पुरे. याखेरीज बाजेवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे, हे एक दिवसाआड करावे. मांड्या बळकट राहिल्या तर गुडघ्यांवरचा भार हलका होतो आणि म्हातारपणी पडणे टळते. चालताना छातीत दुखले किंवा दडपण आले तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावे. खाणेपिणे तेच असून वजन आपोआप उतरत असेल, तहान व लघवी वाढली असेल, तर खूश न होता रक्तातील साखर तपासावी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी प्रायश्चित्तकाळात जेवण टाळण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. साखर एकाएकी उतरून भोवळ येते.