वर्षावास, बेडूक आणि टिटवीची अंडी : वन्यजीव छायाचित्रणाचा एक पाठ

विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावासाच्या नियमामागील कारण दिले आहे. भर पावसात चारिका करणारे भिक्खू हिरवे तृण तुडवितात, कित्येक लहान जीव त्यांच्या पायांखाली मरतात, अशी लोकांची तक्रार भगवान बुद्धांच्या कानी आली. तेव्हा पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एके ठिकाणी राहावे, असे त्यांनी सांगितले. नेमक्या याच महिन्यांत हल्ली आपल्यापैकी अनेक जण कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन डबक्यांकाठी उतरतात. म्हणून छायाचित्रणाचा पाठ डोळ्यांआधी पायांपासून सुरू करणे इष्ट.

मराठवाड्यात पाणी थोडे आणि त्याचे दिवसही थोडे. एरवी जमिनीत दडून राहणारे बेडूक पहिल्या मोठ्या पावसामागोमाग वर येतात. बुलफ्रॉग या नावाने परिचित असलेल्या मोठ्या बेडकाचा नर या काळात पिवळाधमक होतो. गळ्याच्या दोन बाजूंच्या स्वरपिशव्या निळ्या दिसतात. याच बेडकांच्या तंगड्या एकेकाळी परदेशी पाठविल्या जात. १९८७ साली त्या निर्यातीवर बंदी आली. रंगांचा हा सोहळा अल्पकाळ टिकतो. त्यामुळे छायाचित्रकाराला घाई होते आणि घाईत तो पाण्यात शिरतो. त्या उथळ पाण्यातच अंडी असतात.

दिवसा डबके पाहून काठावरची एक जागा निश्चित करावी आणि अंधार पडण्यापूर्वी तेथे जाऊन बसावे. आपली चाहूल लागताच डराव डराव थांबते. ते पुन्हा सुरू होईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावू नये. ते सुरू झाले म्हणजे आपली उपस्थिती त्यांनी खपवून घेतली, असे समजावे. भिंग पाण्याच्या पातळीजवळ आणावे. फ्लॅशवर पातळ पांढरे कापड धरावे आणि तो मोजकाच वापरावा. बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर ठेवण्याची एक वाईट रीत रूढ झाली आहे. बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो आणि पाणीही त्वचेतूनच शोषतो. हाताला लावलेले डासांचे मलम त्याच्या अंगात उतरू शकते. बेडकांमागे सापही येतात, तेव्हा मुलांसोबत जाणत्या माणसाने असावे, पायांत उंच बूट व हाती विजेरी असावी.

पक्ष्यांच्या बाबतीत धोका उन्हाळ्यापासूनच असतो. टिटवी माळरानावर, खड्यांच्या रंगाची बहुधा चार अंडी उघड्यावर घालते. चाळीस अंशांच्या उन्हात ती अंड्यांवर सावली धरते; पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. आपण जवळ बसून राहिलो तर ती परतत नाही, डोक्यावर ओरडत घिरट्या घालते. छायाचित्रकाराला वाटते, काय सुंदर प्रसंग मिळाला! खाली अंडी तापत असतात. टिटवी ओरडू लागली की आल्या वाटेने मागे फिरावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांची अंडी व घरटी यांना धक्का लावणे हे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे, हे पालकांनी मुलांना अवश्य सांगावे. विणीच्या काळात मोबाइलवर पक्ष्याची शीळ वाजवून त्याला जवळ बोलावणेही टाळावे. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो घरटे व चारा सोडून लढायला येतो.

हिवाळ्यात आपल्याला नाथसागर आहे. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या या जलाशयाला १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस आणि चोच उलटी बुडवून अन्न गाळणारे रोहित येथे पाहता येतात. अभयारण्यातील प्रवेश व छायाचित्रण यांसाठी वनविभागाची परवानगी आधी घ्यावी. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून काठावर आडवे व्हावे, म्हणजे पक्ष्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून चित्र मिळते. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी नसावा. पण थवा उडावा म्हणून होडी अंगावर नेऊ नये. खाणे थांबवून सगळ्या माना एकदम वर झाल्या, थवा एका दिशेने चालू लागला, की तेच आपले अंतर. तेथून पुढे पाऊल नाही.

अजिंठ्याच्या सतराव्या लेणीत हंस जातक रंगविले आहे. फासात अडकलेल्या राजहंसाला सोडून न जाणाऱ्या त्याच्या सेनापतीकडे पाहून पारध्याचे मन पालटते. सहलीला गेलेल्या मुलांना ते चित्र अवश्य दाखवावे. हंस पाहायचे कसे, हे तेथेही शिकता येते.

प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, वेळ, गाव, हवामान आणि प्राणी काय करीत होता, एवढे वहीत लिहावे. अशी वही दहा वर्षे चालली तर कोणत्या डबक्यात बेडूक ओरडेनासे झाले, हे तिच्यातून कळेल. घरट्याची नेमकी जागा मात्र वहीत लिहू नये आणि समाजमाध्यमांवरही टाकू नये. तालुक्याचे नाव पुरते.