सोन्याचे कण आणि दुधातील भेसळ

दुधात पाणी घातले आहे की नाही, हे लॅक्टोमीटर सांगतो. पाण्यामुळे दुधाची घनता घटते व तो अधिक खोल बुडतो. पण लबाड विक्रेता पाण्याबरोबर थोडी साखरही घालतो. घनता पुन्हा वाढते आणि लॅक्टोमीटर फसतो! कारण तो दूध ओळखत नाही, फक्त घनता मोजतो.

अशीच, पण फार भयंकर फसवणूक २००८ साली चीनमध्ये उघडकीस आली. दुधातील प्रथिने मोजण्याची एक जुनी रीत आहे. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी ती १८८३ साली शोधली. तीत प्रत्यक्ष प्रथिने मोजत नाहीत. पदार्थातील नत्र, म्हणजे नायट्रोजन, मोजून त्यावरून प्रथिनांचा हिशेब करतात. प्रथिनांत वजनाने सुमारे १६ टक्के नत्र असते. मेलामाइनमध्ये मात्र ते ६६ टक्क्यांहून अधिक असते. न फुटणाऱ्या बशा ज्यापासून बनवतात, तेच हे मेलामाइन! पाणी घातलेल्या दुधात ते मिसळले, की चाचणीत प्रथिने भरपूर दिसत. या दुधाची भुकटी पिऊन तान्ह्या मुलांच्या मूत्रपिंडांत खडे झाले. सुमारे ३ लाख मुले आजारी पडली व ६ दगावली, असे चीनच्या आरोग्य खात्याने जाहीर केले.

मग मेलामाइन झटपट ओळखावे कसे? येथे सोने मदतीला आले.

सोन्याचा रंग कोणता, असे विचारले तर तुम्ही ‘पिवळा’ म्हणाल. पण १३ नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण पाण्यात तरंगत असतील, तर ते पाणी डाळिंबाच्या रसासारखे लाल दिसते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. मायकेल फॅरडे यांनी १८५७ सालीच असे लाल द्रावण तयार करून, हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे, असे सांगितले होते.

हे कण प्रकाशातील हिरवा भाग शोषतात, म्हणून आपल्याला लाल रंग दिसतो. कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे कण सुटे राहतात. मेलामाइनचे रेणू मात्र कणांच्या पृष्ठभागाला चिकटतात व तेथील भार हटवतात. मग कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके होतात. पुंजके लाल प्रकाश शोषू लागतात आणि द्रावण निळे पडते! हा बदल नुसत्या डोळ्यांना दिसतो.

मात्र ही चाचणीही आंधळेपणाने वापरून चालत नाही. दुधातील प्रथिने व स्निग्धांश आधी काढून टाकावे लागतात. इतर काही पदार्थांनीही कणांचे पुंजके होऊ शकतात. म्हणून निळा रंग ही धोक्याची सूचना समजायची. पक्का निर्णय प्रयोगशाळेतील तपासणीनंतरच द्यायचा.

हे सोने परीक्षानळीतच राहते, पोटात जात नाही. जे सूक्ष्म कण अन्नातच मिसळतात, त्यांचे काय? मिठाया पांढऱ्याशुभ्र दिसाव्यात म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड वापरले जाई. त्याचे काही कण नॅनोमीटरच्या मापाचे असतात. त्यापासून पेशींतील आनुवंशिक द्रव्याला इजा होणारच नाही, अशी खात्री देता येत नाही, असे युरोपीय तज्ज्ञांनी २०२१ साली सांगितले. २०२२ साली युरोपीय संघाने अन्नात त्याचा वापर बंद केला.

कण लहान झाला की सोन्याचाही रंग बदलतो. तेव्हा एखादा पदार्थ मोठ्या कणांच्या रूपात निरुपद्रवी असला, तरी सूक्ष्म रूपात त्याची नव्याने परीक्षा घ्यायलाच हवी.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे १० नॅनोमीटर बाजूचे घन पाडले, तर सर्वांचे मिळून पृष्ठफळ किती होईल? उत्तर काढा. सूक्ष्म कण इतर पदार्थांवर इतक्या चटकन परिणाम का करतात, याचे एक कारण तुम्हाला त्यातच सापडेल.