उघड्या छपराची जुनी प्लिमथ घ्यावी का?

प्रश्न : आमच्या पाहुण्यांकडे १९४८ ची प्लिमथ मोटार आहे. दोन दारांची, कापडी छप्पर मागे दुमडणारी. बरीच वर्षं शेडमध्ये उभी आहे, आता ती विकायची म्हणतात. अशी गाडी फार दुर्मीळ असते असं त्यांचं म्हणणं. हे खरं का? घेऊन नीट केली तर रस्त्यावर चालवता येईल का? आणि लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊन खर्च भरून निघेल का?
– एक वाचक, शेळगाव, ता. इंदापूर

उत्तर : गाडी अस्सल असेल तर दुर्मीळ आहे, यात शंका नको. अडतं ते ‘अस्सल असेल तर’ एवढ्यावरच. आपल्याकडे उघड्या छपराच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये मुळात बंद असलेल्या आणि पुढे कुणीतरी छप्पर कापलेल्या गाड्याही असतात. वरातीचं उत्तर मात्र आधीच देतो : नाही. कारण कागदपत्रांच्या ओघात सांगतो.

तुम्ही शेळगावचे, म्हणून या गाडीचा तुमच्या भागाशी असलेला धागा आधी सांगावासा वाटतो. तुमच्या जवळचं वालचंदनगर ज्यांनी वसवलं, त्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या गाड्या जोडायला १९४७ साली सुरुवात झाली. सुटे भाग बोटीने यायचे, जोडणी इथे व्हायची. सोलापुरात जन्मलेल्या एका मराठी मुलखातल्या उद्योजकाने विमानाचा, जहाजाचा आणि मोटारीचा कारखाना एकाच दशकात उभा करण्याचा ध्यास घेतला, ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही असं मला वाटतं. तेव्हा तुमच्या पाहुण्यांची गाडी अमेरिकेतून तयार आलेली आहे की कुर्ल्यात जोडलेली, हे जुन्या नोंदणीपुस्तकात जरूर पाहा. कुर्ल्याची निघाली तर माझ्या लेखी तिचं मोल आणखी वाढतं.

आता दुर्मीळपणाचं. १९४६ ते १९४९ च्या सुरुवातीपर्यंत प्लिमथचं जे मॉडेल निघालं, त्याला कंपनीत पी-१५ म्हणत. त्यातल्या वरच्या दर्जाच्या चार दारांच्या बंद गाड्या अमेरिकेत पाच लाखांहून अधिक बनल्या. उघड्या छपराच्या मात्र पंधरा हजारांच्या आसपास. म्हणजे जन्मतःच अशा तेहतीस-चौतीस बंद गाड्यांमागे एक उघडी. शिवाय बंद गाडी पत्र्याने झाकलेली असते, उघड्या गाडीचं छप्पर कापडाचं. कापड फाटलं की पाणी आत जातं, सीट कुजते, मग तळाचा पत्रा गंजतो. ज्या आधीच थोड्या होत्या, त्या लवकर मोडीत गेल्या.

भारतात आणखी एक कारण घडलं. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्यांना देशात टप्प्याटप्प्याने पूर्ण गाडी बनवायची आहे त्यांनीच इथे राहावं. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी त्यानंतर गाशा गुंडाळला. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून चालू होता, तोही बंद झाला. परदेशी गाड्यांची वाट अरुंद झाली आणि पुढची कितीतरी वर्षं आपल्या रस्त्यांवर अँबेसेडर आणि फियाट यांचंच राज्य राहिलं. दोन्ही चार दारांच्या, बंद. उघड्या छपराची गाडी म्हणजे त्या आधीच्या काळातून जी टिकली तीच. नंतरच्या काळात आठवावी अशी एक म्हणजे गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी, रेनोचं इंजिन, दोन सीट. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती आली आणि आज तीही क्वचितच दिसते.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा रंगाकडे पाहू नका. आधी दार उघडा आणि काच खाली करा. अस्सल गाडीत काच उतरली की दाराच्या वर चौकट उरत नाही, आणि दाराच्या मागे छपरापर्यंत जाणारा खांबही नसतो. कापलेल्या गाडीत त्या खांबाचा बुंधा सापडतो, किंवा तो झाकायला ठोकलेली पट्टी. मग गाडीखाली जा. छप्पर नसलं की गाडीचा ताठपणा कमी होतो, म्हणून कारखान्यात उघड्या गाडीच्या चासीला मधोमध इंग्रजी एक्सच्या आकाराचे आडवे-तिरपे गर्डर देत. ते नसतील तर व्यवहार तिथेच थांबवा. असतील तर एक जॅक घ्या, दाराखालच्या भागाच्या मध्यावर लावून चाक जमिनीवरून थोडंसं उचला आणि दार लावून पाहा. नीट लागलं तर चासी शाबूत. दार अडलं, फट वाकडी झाली, तर आतला पत्रा खाल्ला गेलाय. ही तपासणी कोणत्याही गॅरेजवाल्याला करता येते, विकणाऱ्याने तिला नकार दिला तर तेच उत्तर समजा.

नंबर दोन ठिकाणी असतो. गाडीचा क्रमांक डाव्या बाजूच्या पुढच्या दाराच्या बिजागरीजवळच्या खांबावर, इंजिनाचा क्रमांक इंजिनाच्या डाव्या अंगाला पुढे, डायनामोच्या वरच्या सपाट जागेवर. इंजिनाच्या क्रमांकाची सुरुवात पी-१५ ने झाली पाहिजे. या गाड्यांची मूळ इंजिनं काढून डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत आपल्याकडे खूप होती, टॅक्सीवाल्यांनी तर ती सर्रास पाळली. तसं असेल तर गाडी चालेल, पण दुर्मीळ म्हणून मागितलेली किंमत देऊ नये.

हवामान तुमच्या बाजूचं आहे. इंदापूर हा पर्जन्यछायेचा पट्टा, कोकणातल्या गाडीइतका गंज इथे चढत नाही. ऊन मात्र रबर आणि कापड दोन्ही खातं, आणि शेडमधल्या उंदरांनी वायरिंग सोडलं असेल तर नवल. विजेचं काम सहा व्होल्टचं आहे, त्यात धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. घाईने बारा व्होल्टची बॅटरी लावून सेल मारायला जाल तर दिवे आणि घड्याळं जळतील. टायरचं माप ६.००-१६. हाच आकडा तुम्हाला ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकावर दिसेल. तो टायर चढवण्याचा मोह कुणी घालेल, ऐकू नका, तो शेतातल्या वेगासाठी बनवलेला असतो. जुन्या जीपचं मापही हेच होतं, त्या जातीचे टायर शोधा.

पेट्रोलकडे मात्र लक्ष द्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ज्यातलं काही तुमच्याच भागातल्या उसातून येतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलंच, पण १९४८ साली बनलेल्या रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची पॅकिंगं यांना इथेनॉल सोसत नाही. ती फुगतात, मऊ पडतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळू लागतं. हे सगळं रबर इथेनॉलला टिकणाऱ्या जातीचं बसवल्याशिवाय गाडी सुरूही करू नका.

कागदांचं सांगतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, मोठी मोडतोड करून न बदललेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. जुनी नोंदणी असेल तर जुना नंबर कायम ठेवता येतो. नव्याने नोंदणी करायची तर नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापराला आणि धंद्याला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणायची.

वरातीचं भाडं इथेच संपतं. व्हिंटेज नोंदणी न करता जुनी खासगी नोंदणी नूतनीकरण करून चालू ठेवली तर गाडी तुम्हाला स्वतःसाठी चालवता येईल, पण खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देणं मोटार वाहन कायद्याला मान्य नाही. आणि छप्पर कापून ‘उघडी’ केलेली गाडी तर १९८८ च्या या कायद्याच्या कलम ५२ मध्येच अडकते, कारण नोंदणीत लिहिलेल्या मूळ रूपाशी जुळणार नाही असा बदल त्यात बसत नाही.

व्यवहाराआधी बारामतीच्या परिवहन कार्यालयात जा, तुमचा तालुका त्यांच्याच एमएच-४२ मध्ये येतो. गाडी दुसऱ्या कार्यालयात नोंदलेली असेल तर तिथल्या जुन्या नोंदवहीतून तिची माहिती संगणकावर चढली आहे का ते विचारा. चढली नसेल तर ते काम विकणाऱ्याकडून आधी करून घ्या. पैसे दिल्यावर हे हेलपाटे तुमच्या गळ्यात पडतील. नोंदणीपुस्तकातला मालक हयात नसेल तर सगळ्या वारसांची सही हवी, एका भावाच्या शब्दावर आगाऊ रक्कम देऊ नका.

तेव्हा माझं मत असं : चासीचे गर्डर जागेवर असतील, इंजिनाचा क्रमांक पी-१५ चा असेल आणि नोंदणीपुस्तक हातात असेल, तर गाडी गंजलेली आणि सुरू न होणारी असली तरी घ्या. यांतलं एक जरी नसेल तर चकचकीत असली तरी सोडा. आणि घेतलीत तर पावसाळ्याआधीची पहिली खरेदी नव्या कापडी छपराची असू द्या, इंजिन त्यानंतर.