शौचाआधीची बिडी

राजा, परवा तुझ्याकडे मुक्कामाला होते, तेव्हा पहाटे मागच्या दारातून बिडीचा वास आला. विचारलं तर म्हणालास, "आत्या, दिवसाला तीन-चारच. आणि सकाळची ओढल्याशिवाय पोटच साफ होत नाही." अगदी हेच वाक्य तुझे बाबा म्हणायचे. दादाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. तो बिडीनेच झाला, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण सर्जिकल वॉर्डात नोकरी काढली, तिथे जे शिकले ते तुझ्या कानावर घालायलाच हवं.

धूर छातीत थांबत नाही. फुप्फुसातून त्यातलं विष रक्तात उतरतं आणि रक्त जाईल तिथे जातं, आतड्याच्या अस्तरापर्यंतसुद्धा. तिथे छोटे कोंब उगवतात, डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात. ओढणाऱ्यांत ते जास्त सापडतात. दुखत नाहीत, खुपत नाहीत. त्यातल्या एखाद्याचा कॅन्सर व्हायला दहा-दहा वर्षं लागतात. २००८ मध्ये शंभरावर अभ्यास एकत्र तपासले गेले. कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत ओढणाऱ्यांना हा कॅन्सर होण्याचा धोका १८ टक्के जास्त निघाला, त्याने मरण्याचा २५ टक्के. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने धूम्रपान हे या कॅन्सरचं कारण म्हणून मान्य केलं. ऑपरेशनपर्यंत वेळ आली तरी बिडी पिच्छा सोडत नाही. ओढणाऱ्याच्या आतड्याचा जोड नीट न भरण्याचा, गळण्याचा धोका जास्त असतो.

बिडी पानाची म्हणून साधी समजू नकोस. टेंभुर्णीच्या पानातून हवा कमी जाते, ती विझू नये म्हणून जोरजोरात झुरके घ्यावे लागतात. विष सिगारेटपेक्षा कमी जात नाही. आणि बिडी सुटावी म्हणून तंबाखू मळायला लागू नकोस, तो तोंडाचा कॅन्सर देतो.

आता पोटाचं. निकोटिनने आतडं चाळवतं हे खरं, आणि रोजच्या सवयीने पोटही बिडीची वाट बघायला लागतं. सोडल्यावर काही आठवडे पोट जड राहील. दादाने दोनदा सोडली आणि दोन्ही वेळा इथेच परत पेटवली. म्हणून तयारी आधी कर. उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी पी. थोडं काही खा. सकाळी पोटात काही पडलं की आतडं आपोआप जागं होतं. रोज ठरल्या वेळी बस, मोबाईल न घेता. रात्री इसबगोल, आणि वरून भरपूर पाणी. जेवणात भाकरी, पालेभाजी, पपई.

तलफ आली की घड्याळ बघ. पाच-एक मिनिटांत ती ओसरते. तेवढा वेळ काढायचा. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जड. चहाबरोबर तलफ येत असेल, तर चहाची जागा बदल. काडेपेटी खिशातून काढून देवघरात ठेव. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर फुकट आहे, किंवा डॉक्टरांना निकोटिनच्या गोळ्यांबद्दल विचार.

सगळ्यात महत्त्वाचं. शौचातून रक्त दिसलं की "मूळव्याध असेल" म्हणून गप्प बसायचं नाही. दादा सहा महिने मेडिकलमधून मलम आणून लावत होता. शौचाची सवय तीन आठवड्यांहून जास्त बदललेली राहिली, वजन उतरलं, कारण नसताना रक्त कमी निघालं, तर सरळ डॉक्टर गाठ. लाजू नकोस. वॉर्डात लाजून उशिरा आलेली माणसं मी फार पाहिली.

आणि तुला काहीच होत नसलं तरी आतड्याची दुर्बीण करून घ्यायची आहे. घरात आईवडिलांना किंवा भावाबहिणीला हा कॅन्सर झाला असेल, तर त्यांना ज्या वयात कळला त्याच्या दहा वर्षं आधी किंवा चाळिशीला, जे आधी येईल तेव्हा तपासणी करतात. दादा ४८, म्हणजे तू ३८. तुला आत्ता ३६ चालू आहे. दोन वर्षं हातात आहेत. दुर्बिणीत पॉलिप दिसला तर तिथल्या तिथे काढता येतो, त्याचा कॅन्सर होण्याआधीच. दादाला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी नर्स असून मीही नाही.

उद्या पहाटे उठलास की आधी पाणी पी. हात खिशाकडे गेलाच तर मला फोन कर. पाचला मी जागीच असते.