न्यू जर्सीची शिस्त, बंगळूरचा रस्ता

अगं, कायमची बंगळूरला येते आहेस. ऑफिस आउटर रिंग रोडला आणि लेकीची शाळा एचएसआर लेआउटला, म्हणजे गाडी चालवणं काही तुला चुकणार नाही. परवा फोनवर म्हणालीस, "ताई, तिथे नियमच नाहीत, मला कसं जमणार?" म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

नियम आहेत, आणि कागदावर ते तुझ्या न्यू जर्सीहून फार वेगळे नाहीत. उलट दारूच्या बाबतीत आपला कायदा जास्त कडक आहे. तिथे 100 मिलिलिटर रक्तात 80 मिलिग्रॅमला गुन्हा होतो, इथे 30 च्या वर गेलं की झालाच. फरक आहे तो भरवशाचा. तिथे फोर-वे स्टॉपला आधी पोचलेला आधी निघतो, हे चौघांनाही ठाऊक असतं आणि चौघेही ते पाळतात. इथे समोरचा पाळेलच असं धरून चालता येत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच: तिथली शिस्त जशीच्या तशी घेऊन ये, पण दुसऱ्यांवरचा तो भरवसा इथे लगेच टाकू नकोस.

आधी तुझ्या हातापायांचं बघू. पायाखालचे पेडल त्याच क्रमाने असतात, त्याची चिंता नको. गियरची गाडी घेतलीस तर गियर डाव्या हाताला येईल. मारुती-ह्युंदाईत इंडिकेटर उजवीकडे असतो, म्हणून पहिले काही दिवस वळताना वायपर सुरू होईल. त्याने गडबडून जाऊ नकोस. खरा धोका वेगळाच आहे. गर्दीत तू चुकीच्या बाजूला जाणार नाहीस, कारण बाकीची वाहनंच तुला ओळीत ठेवतील. मोकळा रस्ता फसवतो. सकाळी सहाला पेट्रोल पंपातून बाहेर पडताना किंवा एखाद्या रिकाम्या क्रॉसवर वळताना मन आपोआप उजवी बाजू धरतं. अशा प्रत्येक वळणाला "डावीकडे" असं मोठ्याने म्हण. तिथे उजवं वळण छोटं होतं, इथे डावं छोटं आणि उजवं समोरची वाहनं ओलांडून घ्यायचं. आणि तिथे लाल दिव्यावर थांबून, बघून उजवीकडे वळायची सवय आहे तुला. इथे तशी पाटी किंवा बाण असल्याशिवाय लाल दिव्यावर डावीकडे वळायचं नाही, मागचा कितीही हॉर्न वाजवो.

आता समोरच्याला ओळखायला शीक. तिथे कुणी हेडलाइट चमकवला, तर बहुतेक वेळा "तू जा" असं असतं. इथे त्याचा अर्थ "मी येतोय, थांब" असाच धर. ही एक गोष्ट विसरलीस तर महागात पडेल. हॉर्न तिथे रागाने वाजवतात. इथे बहुतेक वेळा "मी तुझ्या बाजूला आहे" एवढंच सांगणं असतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. डावीकडे वळण्याआधी डावा आरसा बघ आणि मान वळवूनही बघ, कारण तुझ्या आणि फुटपाथच्या मधल्या फटीतून स्कूटर येतेच. सर्व्हिस रोडला लागताना तर दोन्ही बाजूंना बघ, उलट दिशेने येणारा कुणीतरी असतो. दार उघडताना डाव्या हाताने उघड, म्हणजे शरीर आपोआप मागे वळतं आणि येणारी दुचाकी दिसते.

या दुचाक्यांचा राग धरू नकोस. 2022 मध्ये आपल्या देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती आणि जवळजवळ 20 टक्के पायी चालणारी. त्याच वर्षी अमेरिकेत साधारण साडेबेचाळीस हजार. तुझ्याभोवती पत्र्याची पेटी आहे, त्यांच्याभोवती काहीच नाही. जागा द्यायची ती तू.

म्हणूनच झेब्रावर थांबायची सवय सोडू नकोस. न्यू जर्सीत पादचाऱ्यासाठी पूर्ण थांबावंच लागतं, तुझ्या पायाला ते वळण लागलंय आणि ते लाखमोलाचं आहे. फक्त इथे एकदम ब्रेक दाबू नकोस, मागची बस अंगावर येईल. लांबूनच हळू हो, ब्रेकचा दिवा मागच्याला दिसू दे, हात बाहेर काढून खूण कर आणि मग थांब. चालणाऱ्यालाही बघायला सांग, कारण शेजारच्या लेनमधला थांबेलच असं नाही.

मागच्या सीटचा बेल्टही तसाच. इथे लोक हसतील, "मागे कशाला?" म्हणतील. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले, तेव्हा ते मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. मागच्यांनाही बेल्ट कायद्याने बंधनकारक आहे. लेकीचं कारसीट सामानातून आण किंवा इथे घे, पण आजी कितीही म्हणाली तरी तिला मांडीवर बसवून नेऊ नकोस. 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा लहान मुलांचं सीट लागतंच, नाहीतर 1,000 रुपये दंड आहे. खरं कारण अर्थातच दंड नाही, लेक आहे.

रुग्णवाहिका आली की तिथे उजवीकडे सरकायचीस, इथे डावीकडे सरक. आणि कुठे धडक बसलीच, तर तिथल्यासारखे विम्याचे कागद अदलाबदल करून मोकळं होता येत नाही, गर्दी जमते. गाडी बाजूला लाव, फोटो काढ, 112 लावून पोलिसांना बोलाव. कुणाला लागलं असेल तर रुग्णवाहिकेसाठी 108 आधी. जखमीला दवाखान्यात नेणं चालकाचं कर्तव्यच आहे, पण जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर त्यातून सूट आहे, हे मोटार वाहन कायद्याच्या 134 व्या कलमातच लिहिलंय. अशा वेळी सरळ पोलीस ठाण्यात जा. दुसऱ्याच्या अपघातात मदत करायलाही घाबरू नकोस. 2019 च्या दुरुस्तीने आलेलं 134-ए कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

कागदपत्रांचं येण्याआधीच बघ. तुझं पुण्याचं लायसन्स संपून वर्ष उलटलं असेल, तर नुसतं नूतनीकरण होणार नाही, परत परीक्षा द्यावी लागेल. ती द्यायची वेळ आली तर टाळू नकोस आणि एजंटाच्या मागेही लागू नकोस. तेवढ्या निमित्ताने हात बसेल.

पहिला महिना रविवारी सकाळी माझ्याबरोबर जयनगर-बनशंकरीच्या गल्ल्यांत चालव. मग रिंग रोड, आणि सिल्क बोर्डचा चौक सगळ्यात शेवटी. काच खाली करून कन्नडमध्ये "स्वल्प निधान", म्हणजे जरा सावकाश, म्हणायला शीक, रिक्षावाला हसून जागा देतो. आणि दोन-चार महिन्यांनी "इथे सगळेच असं करतात" हे वाक्य तोंडात यायला लागलं, की मला फोन कर. त्या दिवशी तुझ्या शेजारच्या सीटवर परत मी बसेन.