पुंज संगणन आणि आपला विद्यार्थी

विज्ञानाची एखादी नवी शाखा उदयास आली, की ती मोठ्या शहरांतील विद्यार्थ्यांसाठीच आहे, अशी समजूत आपल्या सीमाभागात चटकन रुजते. पुंज संगणन म्हणजेच क्वांटम कॉम्प्युटिंग या विषयाबाबतही तसेच घडत आहे. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम विषय समजून घेऊ. नेहमीच्या संगणकातील बिट एका वेळी ० किंवा १ असतो. पुंज संगणकातील क्युबिट मात्र या दोन्ही अवस्थांच्या अध्यारोपणात राहू शकतो. प्रत्येक अवस्थेला एक आयाम असतो व त्याच्या परिमाणाचा वर्ग म्हणजे मापनात ती अवस्था मिळण्याची संभाव्यता होय.

नाणे एकदा उडवा वा दोनदा, छापा-काट्याची अनिश्चितता कायम राहते. ० अवस्थेतील क्युबिटवर 'हॅडमर्ड' ही क्रिया केली, की दोन्ही आयाम १/√२ होतात. म्हणजे संभाव्यता निम्मी-निम्मी. परंतु मध्ये मापन न करता तीच क्रिया पुन्हा केली, तर ० कडे नेणारे दोन मार्ग १/२ + १/२ = १ असे एकत्र येतात, आणि १ कडे नेणारे १/२ − १/२ = ० असे परस्परांना खोडतात. उत्तर हमखास ० येते! प्रकाशाच्या व्यतिकरणात आपण हेच शिकतो. चुकीच्या उत्तरांचे मार्ग खोडणे व बरोबर उत्तराचे बळकट करणे, हे या शास्त्राचे मर्म आहे. याच तत्त्वावर दिल्लीच्या आय.आय.टी.त शिकलेले लव्ह ग्रोव्हर यांनी १९९६ साली शोध घेण्याची रीत मांडली. दहा लाख नोंदींतील एक शोधण्यास तिला सुमारे ८०० पायऱ्या पुरतात.

वरील हिशेब २ × २ मॅट्रिक्सच्या गुणाकाराने वहीत करून पाहावा. हा गुणाकार पी.यू.सी.च्या द्वितीय वर्षात आपण शिकलेलोच असतो. संमिश्र संख्या, मॅट्रिक्स आणि संभाव्यता ही या विषयाची खरी शिदोरी आहे.

आता संधींकडे वळू. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिटचे संगणक उभारणे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. त्यातील संगणनाचे केंद्र बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, तर संवेदन व मापनाचे मुंबईच्या आय.आय.टी.त आहे. पुण्याच्या आयसरमध्येही पुंज तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागातून तयार झालेल्या ६ क्युबिटच्या संगणकाची चाचणी २०२४ मध्ये पार पडली. पुणे-बेंगळूर महामार्ग आपल्या निपाणीवरूनच जातो. तेव्हा या संस्था आपल्याला परक्या नाहीत.

यंत्र विकत घेण्याचीही गरज नाही. आय.बी.एम.ने २०१६ पासून आपला पुंज संगणक इंटरनेटवरून खुला केला आहे. पायथन भाषा येत असेल, तर 'किस्किट' ही मोफत प्रणाली साध्या संगणकावर चालते. एन.पी.टी.ई.एल.वर या विषयाची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. देशातील तीन विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती विद्यार्थी व प्राध्यापक या दोघांसाठीही असते.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. आजच्या यंत्रांत चुका फार होतात आणि बरीच उपयुक्त कामे अद्याप दूर आहेत. चार दिवसांचे वर्ग भरवून नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातींना विद्यार्थ्यांनी भुलू नये. केवळ प्रमाणपत्र मिळविण्यापेक्षा गणिताचा पाया पक्का करण्यात वेळ घालविणे अधिक हिताचे ठरेल.

भौतिकशास्त्र, गणित व संगणक या तिन्ही विभागांनी मिळून आठवड्यातून एक तासाचे अभ्यासमंडळ चालविल्यास हे सहज साधेल. पुस्तके इंग्रजीत असली, तरी चर्चा मराठीत व कन्नडमध्ये करण्यास कोणाची आडकाठी आहे? वरील दोन ओळींचा गुणाकार हाच त्या मंडळाचा पहिला पाठ असावा.